एक टीबीची जमाबंदी

घरच्या संगणकासाठी किती धारणशक्तीची एसएसडी घ्यावी, या प्रश्नाला जाणकार मंडळी जी उत्तरे देतात, ती सारी संगणकाचा मालक हा एकटा, अविवाहित आणि नातेवाईकरहित प्राणी आहे, या गृहीतकावर उभी असतात. वसईच्या पापडीतील ज्या घरात तीन पिढ्या आणि एकच संगणक गुण्यागोविंदाने, निदान शेजाऱ्यांच्या समजुतीप्रमाणे, नांदत आहेत, तेथे हा प्रश्न तंत्राचा न राहता महसुलाचा होतो. आणि माझी उभी हयात तहसील कचेरीत सातबारे व फेरफार यांच्या सहवासात गेलेली असल्यामुळे तो चौकशीसाठी माझ्याकडे वर्ग व्हावा, हे क्रमप्राप्तच होते. जुन्या हार्डडिस्कची अवस्था अशी झाली होती की कळ दाबून पापडी नाक्यावर जावे, पाव घ्यावेत, दोन ओळखीच्या माणसांशी पावसापाण्याचे बोलावे आणि परत यावे, तोवर पडद्यावर नुकते कोठे स्वागताचे शब्द उमटत असत.

बाजारात २५०, ५०० आणि १००० जीबी अशा चढत्या पायऱ्या आहेत हे कळल्यावर मी रीतसर जमाबंदी आरंभिली. विंडोज ११ ही प्रणाली मुक्कामास येण्यापूर्वीच किमान ६४ जीबी मागते आणि एकदा स्थिरावली की सुधारणांच्या निमित्ताने आपले कुंपण सरकवीत राहते. तो भाग सरकारी राखीव समजून मी बाजूला काढला. घरातील सार्वत्रिक समज असा होता की जागेच्या टंचाईला सौभाग्यवतींच्या भ्रमणध्वनीवरून येथे उतरविलेली सुप्रभातीची चित्रे कारणीभूत आहेत. परंतु असे एक चित्र १५० किलोबाइटांचे धरले, तर एक लाख चित्रे अवघ्या १५ जीबीत मावतात. म्हणजे रोज दहा या दराने २७ वर्षांचे सूर्योदय! त्यांच्यावरील आरोप मी तत्काळ खारीज केला, आणि त्या दिवशी जेवणात अनपेक्षितपणे बोंबलाचे कालवण आले.

खरे अतिक्रमण चिरंजीवांच्या विवाहाच्या चित्रफितीचे निघाले. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने केलेले चित्रीकरण तासाला ४५ जीबी गिळते. त्यात आमच्याकडे हळद ही लग्नाहून लांबते, आणि चित्रकाराने काटछाट न करता सर्व कच्चा माल इमानेइतबारे स्वाधीन केलेला. त्यातील बराचसा भाग पाहुणे जेवीत असल्याचा आहे. नातीच्या एकाच खेळाने १०० जीबीहून अधिक जमीन लागवडीखाली आणली होती. माझ्या नावावर वडिलोपार्जित कागदपत्रांच्या, इंचाला ६०० बिंदू या दराने घेतलेल्या प्रतिमा होत्या. संकोच न करता घेतलेली अशी प्रतिमा पानाला सुमारे १०० मेगाबाइट, म्हणजे हजार पानांना १०० जीबी व्यापते, हे चिरंजीवांनी अतिशय नम्रपणे, म्हणजे त्यांच्या आईच्या समक्ष, निदर्शनास आणले. ते दप्तर आहे, अडगळ नव्हे, एवढीच नोंद मी शेऱ्याच्या रकान्यात केली.

दप्तराचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. त्यांतून वेचे काढून गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत ४५ खंड सिद्ध केले, आणि त्यांतील एक खंड आमच्या वसईच्याच मोहिमेला वाहिलेला आहे. तेव्हा सर्व काही राखून ठेवण्याला माझी हरकत नाही. फक्त ज्या घरात सर्व राखले जाते त्या घरात एक सरदेसाईही जन्मावा लागतो, आणि आमच्या कुळात तसे लक्षण अद्याप कोणातही दिसलेले नाही.

धारणशक्तीच्या आकड्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. निर्माते हजार-हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे १ टीबीची खरेदी पडद्यावर ९३१ जीबी भरते, आणि ५१२ ची ४७६. जमिनीच्या मोजणीत शेकडा सातची तूट आली असती तर माझ्या काळी प्रकरण थेट प्रांतसाहेबांपर्यंत गेले असते. अमेरिकेत अशीच तक्रार वेस्टर्न डिजिटलविरुद्ध न्यायालयात गेली आणि २००६ साली तडजोडीने मिटली. ग्राहकांच्या पदरात गेलेली जागा नव्हे, तर एक मोफत आज्ञावली पडली.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी की एसएसडी विकत घेताना माणूस भरण्याची जागा मोजतो, आणि मोजावयाची असते ती रिकामी ठेवण्याची. आमच्या वसईत पूर्वजांनी वाड्यांतून बावखले खोदली, ती बागायतीस पाणी मिळावे आणि पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरावे म्हणून. त्या खळग्यांकडे पाहून ज्यांना केवळ वाया जाणारी जागा दिसली, त्यांनी भराव घालून ती बुजविली. पुढे जुलै २०१८ च्या पावसात लोकलगाड्या ठप्प होऊन वसई-नालासोपारा पाण्यात उभे राहिले, तेव्हा रिकाम्या जागेचे मोल निदान चार दिवस तरी सर्वांना पटले होते. एसएसडीचे नेमके तसेच आहे. १९८७ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी सहकाऱ्यांसह जी नँड फ्लॅश स्मृती जगापुढे मांडली, तिच्यात जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. लिहिणे पानापानाने होते, पुसणे मात्र गठ्ठ्यानेच; म्हणून दुरुस्त प्रत कोऱ्या पानावर उतरवावी लागते आणि मग सवडीने, गठ्ठ्यातील उपयोगाची पाने अन्यत्र हलवून, तो गठ्ठा साफ करावा लागतो. कोरी पाने उरलीच नाहीत तर ही हलवाहलव प्रत्येक लेखनाच्या वेळीच करणे भाग पडते आणि चपळ म्हणून आणलेली वस्तू कचेरीच्या गतीने चालू लागते. पाचवा हिस्सा मोकळा सोडावा, असे माझे मत आहे.

मोठी एसएसडी अधिक टिकते, हा युक्तिवाद मात्र गृहस्थाश्रमात निरुपयोगी होय. सॅमसंगच्या ८७० इव्होच्या २५० जीबीच्या प्रकाराला १५० टेराबाइट लेखनाची हमी आहे, १ टीबीला ६०० ची. रोज २० जीबी लिहिले तरी धाकटीलाच वीस वर्षे लागतील, आणि तोवर माझे निवृत्तिवेतन दुसऱ्या कोणाच्या तरी विचाराधीन असेल. उलट, विजेविना वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या एसएसडीतील विद्युतभार हळूहळू गळतो. म्हणून हळदीच्या पंगतींसाठी जुन्या पद्धतीची बाह्य हार्डडिस्कच बरी, असा निकाल मी दिला. ज्या घरात खेळ नाहीत आणि चित्रफिती नाहीत, तेथे ५०० जीबी सुखाने पुरावी. आमच्या घरी १ टीबी.

ती बसली, संगणक पाव आणण्यास निघण्याइतकीही सवड न देता जागा झाला, आणि मी भिंतीवर हुकूम लावला की शेवटच्या पाचव्या हिश्शावर कोणीही दावा सांगू नये. सायंकाळी विरारहून जावईबापू आले. पुष्कळ जागा मोकळी असल्याची वार्ता कन्येकडून त्यांना मिळाली होती, आणि त्यांच्या खिशात त्यांच्या धाकट्या भावाच्या विवाहाची समग्र चित्रफीत होती. जावयाविरुद्ध हरकत नोंदविण्याची आमच्याकडे वहिवाट नाही. तरीही शब्द जुळवून मी घसा खाकरला, तोवर नक्कल पूर्ण झाली होती. एसएसडीच्या वेगाविषयी दुकानदाराने जे सांगितले होते, ते अक्षरशः खरे होते.