पिकतं ते टिकत नाही

जळगावात स्मशानवैराग्य फार टिकत नाही. नेरी नाक्याच्या स्मशानभूमीत चिता पेटली की बाकांवरची मंडळी पाच मिनिटं संत होतात. ‘काय घेऊन जायचंय भो सोबत?’ असं एक जण म्हणतो, बाकीचे माना डोलावतात. आणि आंघोळीला घरी निघता निघता कुणीतरी विचारतंच, ‘आज सोनं कितीवर गेलं?’ त्यांना नावं कशाला ठेवायची? गावच सुवर्णनगरी. सोन्याला गंज नाही, वास नाही, वय नाही. म्हणून ते कपाटात, कपाट कुलपात, किल्ली सासूच्या कमरेला आणि सासूचा जीव किल्लीत.

गंमत म्हणजे हाच जिल्हा केळीचाही आहे. रावेर, यावल, सावद्याकडे निघालात की दोन्ही बाजूंना केळीच केळी. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेही दर 10 वर्षांनी नव्यानं करून घ्यावं लागतं. मानांकनालाही केळीचा गुण लागला म्हणायचा.

केळीला झाड म्हणायचं ते आपलं सवयीनं. आत लाकूड नाहीच, पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले. वर्षभर तिला ठिबकनं पाणी द्यायचं, वारा लागू नये म्हणून कडेनं शेवरी लावायची. मग एकदाच कमळ येतं, एकच घड धरतो. घड उतरला की त्या खोडाचा हिशेब मिटला. बुंध्याशी पील तोवर गुडघ्याएवढं झालेलंच असतं, आणि तोडलेल्या खोडातली ओल ते निवांत पीत बसतं. कुठं निरोप समारंभ नाही. मागे उरतो फक्त सदऱ्यावरचा चिकाचा डाग. केळी पाच दिवसांत काळी पडते, डाग मात्र सदरा फाटेपर्यंत सोबत करतो.

याला वैराग्य म्हणून हार घालायला मी धजत नाही. मे-जूनमध्ये वादळ येतं आणि भरल्या घडांसकट बाग आडवी होते. अशा वेळी बांधावर उभं राहून ‘सारं क्षणभंगुर’ म्हणणारा माणूस हमखास पाहुणा असतो. खताच्या दुकानातली उधारी क्षणभंगुर नसते, हे घरच्यांना ठाऊक असतं.

पण केळी एक खोड मोडते. कापूस भावाच्या आशेनं घरात भरून ठेवता येतो. माणसं महिनोन्महिने त्याच्या शेजारी झोपतात आणि अंग खाजवत भावाची वाट बघतात. केळीत ती सोय नाही. भाव चढो की पडो, घड तयार झाला की उतरवायचा, गाडी भरायची आणि पिलाला पाणी सोडायचं. सोडायला शिकायला हिमालयात जावं लागत नाही. माल नाशवंत असला की पुरे.

आसोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी गाणी अशीच केली. जात्यावर बसल्या की, शेतात राबताना, ओवी सुचायची, म्हणायची आणि पुढच्या कामाला लागायचं. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे काही एका वहीत राहिली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. ती वही आचार्य अत्र्यांनी पाहिली आणि ते म्हणाले, हे बावनकशी सोनं आहे. (जळगावचं काही म्हटलं की सोनंच आठवतं!) 1952 मध्ये पुस्तक निघालं. जी टिपली गेली नाहीत ती पिठाबरोबर भाकरीत गेली, आणि खाणाऱ्यानं फार तर आणखी चटणी मागितली असेल.

केळीच्या गावांत अजूनही घरी पिकवलेल्या घडाची अशीच गत होते. सगळ्या फण्या एकदम पिवळ्या होतात आणि आजी हाका मारत सुटते, ‘घेऊन जा रे, उद्या फेकाव्या लागतील!’ शेजारणीच्या घरीही घड पिकलेलाच असतो. तरी ती फणी घेते, बदल्यात तिची देते. दोघींच्या फण्या संध्याकाळपर्यंत तिसऱ्या घरी पोचतात, आणि तिथून गोठ्यात. गाय सालासकट खाते आणि पुढची फणी कुठं आहे ते बघते.