सारांश मागू नका

मुलीनं पुस्तक खाली ठेवलं रे ठेवलं, की घरातून प्रश्न येतो, ‘मग, काय शिकलीस यातून?’ हा प्रश्न आजपासून बंद करा.

13 ते 16 वयाच्या मुलांचं वाचन मोबाइलनं मारलं, असं आपण सांगत फिरतो. मोबाइलचा वाटा आहेच. पण त्याच्या आधी आपणच वाचनाला कामाला जुंपलं. वाचल्यानं शब्दसंग्रह वाढतो, निबंध चांगला होतो, पुढं स्पर्धा परीक्षेला उपयोग होतो. सगळं खरं. पण यातल्या एकाही कारणासाठी नववीतलं पोर रात्री साडेअकराला दिवा चालू ठेवत नाही. ‘पुढं काय झालं?’ एवढ्या एकाच कारणासाठी ठेवतं.

15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, 2015 पासून महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. हेतू चांगला. पण कितीतरी शाळांत होतं काय? मुलं रांगेत बसतात, हातात पुस्तकं दिली जातात, फोटो निघतो, अहवाल वर जातो. तास संपला की पुस्तकं कपाटात आणि कपाटाला कुलूप. मी शिक्षकांना दोष देणार नाही. नोंदवहीपेक्षा एक पुस्तक कमी भरलं तर जाब त्यांनाच विचारला जातो, मग कुलूप लागणारच. म्हणून मागणी वरच्या साहेबांकडे आहे : फाटलेली आणि हरवलेली पुस्तकं दरवर्षी बिनबोभाट मंजूर करा. ज्या शाळेत वर्षभरात एकही पुस्तक फाटलं नाही, तिथं कुणी वाचलेलंच नाही.

दुसरी अडचण घरातली. ‘वाचायचंच तर काहीतरी चांगलं वाच.’ हे म्हणणाऱ्यांनी स्वतःचं वय आठवावं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड गणिताच्या वहीत दडवून वाचणारी एक अख्खी पिढी होती. तिच्यानंतरची नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री पाणी प्यायला उठायला घाबरली. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजात हातोहात फिरली. यातलं काही कुणी परीक्षेला लावलं नव्हतं, उलट सापडलं तर मार होता. यातलेच पुष्कळ जण पुढं ‘मृत्युंजय’कडे गेले, ‘कोसला’कडे गेले. सगळे गेले नाहीत. जे झुंजारपाशीच थांबले, त्यांचंही काही वाया गेलं नाही. त्यांनी मनसोक्त वाचलं, आणि तेवढं पुरेसं आहे.

आजची मुलं मांगा वाचतात. उजवीकडून डावीकडे उलटायचे ते जपानी चित्रकथांचे खंड एकामागून एक संपवतात, पात्रांवरून भांडतात, पुढच्या खंडासाठी पैसे साठवतात. आणि आपण म्हणतो, ‘एवढी मोठी झालीस, चित्रांची पुस्तकं काय वाचतेस?’ वाचू द्या. भुतांच्या गोष्टी, खुनाच्या गोष्टी, प्रेमाच्या गोष्टी, क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं, सगळं वाचू द्या. मराठीत या वयासाठीचं शेल्फ फारच तोकडं आहे, हे दुखणं आपलं, मुलांचं नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपला की आपण थेट ‘ययाति’ हातात देतो. मधल्या चार वर्षांसाठी आज कोण लिहितंय? प्रकाशकांनी याचं उत्तर द्यावं.

दानिएल पेनाक हा फ्रेंच कादंबरीकार. शाळेत शिकवणारा माणूस. 1992 साली त्यानं वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला हक्क, न वाचण्याचा. मग पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, काहीही वाचण्याचा. आणि दहावा हक्क, वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. वर्षानुवर्षं मुलांसमोर उभा राहिलेला मास्तरच हे लिहू शकतो. आपण मोठी माणसं हे सगळे हक्क रोज वापरतो. घरातल्या दिवाळी अंकातले किती लेख तुम्ही पूर्ण वाचलेत? मुलांना मात्र सुरू केलेलं पुस्तक संपवावंच लागतं, आणि वर त्याचा सारांश लिहावा लागतो.

या रविवारी एक करा. मुलाला किंवा मुलीला पुस्तकांच्या दुकानात न्या, तीनशे रुपये हातात द्या आणि तुम्ही दाराबाहेर थांबा. गावात दुकान नसेल तर सार्वजनिक वाचनालयात वर्गणी भरा आणि ग्रंथपालांना सांगा, की हिला कपाटापाशी जाऊन स्वतः निवडू द्या. जे उचललं जाईल ते घरी येऊ द्या. मुखपृष्ठ पाहून नाक मुरडू नका. आणि आठवड्यानं ‘वाचून झालं का?’ असंही विचारू नका. सांगावंसं वाटलं तर पोर स्वतःहून सांगेल.