देवास गेटवरचा कावळा

उज्जैनच्या देवास गेटवर कुणाला गाडीची वेळ विचारू नये. विचारलीच, तर कंडक्टर एकच उत्तर देतो, "बस, पाँच मिनट." हे माप शेवटची सीट भरेपर्यंत हवं तेवढं ताणता येतं. तोवर ठेल्यावरची साबुदाण्याची खिचडी घ्यावी. मालव्यात ती उपासापुरती उरलेली नाही. वरून मूठभर शेव-मिक्श्चर पडलं की असलेला उपासही निमूट सुटतो.

अशा वेळी मला बंगाली लेखक सुकुमार राय आठवतात. त्यांच्या 'ह-य-ब-र-ल'मध्ये पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला एक हिशेबी कावळा आहे. सातदुणे चौदा हे त्याला सरसकट मान्य नाही. तुम्ही नेमक्या कोणत्या क्षणी विचारलंत, त्यावर उत्तर चौदाला काही आणे-पै कमी भरतं. हा कावळा इथल्या एखाद्या गाडीच्या टपावर बसवला तर पाच मिनिटांचा वाद कायमचा मिटेल. त्याच गोष्टीतले दोन म्हातारे चाळिशी गाठली की वय सरळ मागे वळवतात. म्हातारपणाची भानगडच नको!

आता हे सगळं वेडगळ वाटत असेल, तर क्षिप्रेकाठच्या वेधशाळेत एक चक्कर मारून यावी. अठराव्या शतकात सवाई जयसिंगानं ती उभारली. तिथलं सम्राट यंत्र सावलीवरून वेळ सांगतं, आणि ती आपल्या मनगटावरच्या वेळेपेक्षा सरासरी २७ मिनिटं मागे असते. ऋतूप्रमाणे थोडी कमी-जास्त. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, सावली उज्जैनची. ज्या गावाच्या रेषेवरून एके काळी देशभरचे ज्योतिषी गणित मांडत, त्याच गावाचा सूर्य आज लेट मार्क खातो. कावळा फार चुकत नव्हता.

ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी या पडक्या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला तो १९२३ साली. गो. स. आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कलकत्त्यात सुकुमार राय काळाआजारानं गेले. वय ३५. वय मागे फिरवायची सोय ज्यानं शोधली, तो चाळिशीपर्यंत पोचलाच नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'आबोल ताबोल' या कवितासंग्रहाची मांडणी आणि चित्रं तयार केली. पुस्तक बाहेर आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी. मुलगा सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता.

राय हा काही केस पिंजारून फिरणारा कवी नव्हे. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र घेऊन प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला, १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून मुद्रणशास्त्रासाठी इंग्लंडला गेलेला माणूस. वडील उपेंद्रकिशोर हाफटोन ब्लॉकमधले जाणकार. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक काढलं आणि ते गेल्यावर मुलानं चालवलं. वेडेपणा बिनचूक वठायचा तर गणित पक्कं लागतं. उगाच काहीबाही बडबडणं आपल्यालाही जमतं, त्याला हल्ली चर्चासत्र म्हणतात.

आणि कल्पनेची तरी किती गरज? राय यांच्या एका कवितेत असा देश आहे, जिथं पाय घसरून पडलात तर शिपाई धरतो आणि शिंकायलाही तिकीट लागतं. पण देवास गेटची गाडी जिथं जाते, ते देवास घ्या. पेशवाईत तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंना मिळालेलं हे गाव थोरली पाती आणि धाकटी पाती असं विभागलं गेलं. एका गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार; रस्त्याच्या या बाजूची दिवाबत्ती एकाची, समोरची दुसऱ्याची. हे १९४८ पर्यंत बिनबोभाट चाललं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता. पुढे त्यानं त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. खाली नाव रायबाबूंचं असतं, तर सगळ्यांनी ते बालवाङ्मय म्हणून वाचलं असतं.

आपल्याकडे हा वाण अगदीच नाही असं नव्हे. अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि 'राजा लिअर' मराठीत आणणारे विंदा करंदीकर त्याच हातानं पिशीमावशी आणि तिची भुतावळ लिहीत होते. पण विंदा अपवाद. आपल्या मुलांच्या गोष्टीला शेवटी 'तात्पर्य' नावाचं शेपूट असावंच लागतं. नाहीतर पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. कोल्ह्याला द्राक्षं न मिळाल्याचं दुःख कमी, त्यातून आपण काय शिकलो याचा धाक जास्त.

म्हणून एकच विनंती. घरातल्या मुलाला राय वाचून दाखवा, विंदा वाचून दाखवा. अनुवाद मिळाला तर अनुवाद, नाहीतर बंगाली शेजाऱ्याला चहाला बोलवा. पोर खदाखदा हसलं तर हसू द्या, आणि पुस्तक मिटल्यावर 'मग काय शिकलास?' एवढं मात्र विचारू नका.