सुकटीची निर्दोष सुटका

ईस्ट यॉर्क, टोरांटो
शिमग्याचा आठवडा

ती. आई आणि ती. आप्पा यांस,


फोन ठेवताना आई, तुमचा आवाज उतरलेला वाटला. म्हणून आधी निकाल सांगते, खटला मागाहून. वास सुकटीचा नव्हता. तुम्ही कडकडीत उन्हात वाळवून, पिशवीत पिशवी घालून पाठवलेल्या सुकटीवर तुमच्या चिरंजीवांनी घेतलेला आळ खोटा ठरला आहे. तळघरात कपड्यांच्या मशीनशेजारी बसून हे लिहितेय. शुक्रवारी इथल्या वैशालीचे दीर पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती देईन. आप्पांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते स्वतः रचतात, तेव्हा कागदच बरा.

झालं असं, की थंडीत इथे खिडक्या बंद असतात. सुकट स्वयंपाकघरात ठेवली तर सोफ्यापासून कोटांपर्यंत सगळ्यांना कळतं, म्हणून ती तळघरात गेली. पुढच्याच आठवड्यात खाली वास सुटला. तुमच्या चिरंजीवांनी शिमग्याआधीच बोंब ठोकली आणि माझ्या देखत पिशवी परसातल्या शेडमध्ये नेऊन टाकली. इथे रॅकून नावाचा प्राणी असतो, डोळ्यांवर काळी पट्टी आणि पुढच्या पायांना माणसासारखी बोटं. कडी उघडायला त्याला कोणी शिकवावं लागत नाही. सकाळी पिशवी फाटलेली आणि सुकट फस्त. खाली वास मात्र होता तसाच! आरोपी पोटात गेला तरी गुन्हा चालूच, याहून मोठा पुरावा कुठल्या कोर्टाला हवा?

वन्सं म्हणाल्या म्हणे, अंडी नासली असतील. त्यांचं नाक मात्र खरं. गटारातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याचा वास नेमका नासक्या अंड्यांचाच. त्यातच मिथेनही असू शकतो आणि तो पेट घेतो, त्यामुळे यांनी आणलेली उदबत्ती आणि कापूर मी हातातून काढून घेतला.

शेवटी प्लंबर आला. आप्पा, आता खुर्चीत नीट बसून वाचा. नुसतं येऊन बघण्याचे १९० डॉलर, त्यावर १३ टक्के कर. तो घर तापवणाऱ्या फर्नेसमागे गेला, जमिनीतल्या जाळीवर टॉर्च मारला, "बादली आहे का?" म्हणाला, आमच्याच बादलीत आमच्याच नळाचं पाणी भरलं आणि जाळीत ओतलं. मग बिल लिहिलं. बारा-तेरा हजार रुपयांना एक बादली, तीही भरून आणायला आम्हीच धावलो! चिपळुणात एवढ्यात नाना मिस्त्री येऊन, चहा घेऊन, विडी ओढून, अख्खी मोरी बांधून गेला असता. अर्थात येतो म्हटल्यापासून आठ महिन्यांनी.

पण त्यानं सांगितलं ते खरं होतं. जाळीखालचा पाइप मुद्दाम वाकडा केलेला असतो, त्या वाकणात पाणी साचून राहतं आणि गटारातली हवा वर येऊ देत नाही. आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये मोरीच्या जाळीखाली पालथी वाटी होती ना, तिचं काम तेच. इथे हिवाळाभर फर्नेस चालतो, हवा कोरडी ठणठणीत, आणि त्या जाळीत पाणी ओतायला कोणी फिरकत नाही. वाकण सुकलं की रस्ता मोकळा. हल्लीच्या घरांत नळाच्या लाइनीवरून एक बारीक नळी आणून तिथे आपोआप पाणी सोडतात. आमचा बंगला महायुद्धानंतरच्या वस्तीतला, त्याला असले लाड माहीत नाहीत. आता मी महिन्यातून एकदा बादली ओतते आणि वर दोन चमचे तेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. गोडंतेल हो, खोबरेल नाही; ते इथे गोठून बसेल. आमच्या चिनूनं शोधून काढलं, की असा वाकडा पाइप संडासाला लावण्याचं पेटंट १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं घेतलं. तेव्हापासून तो "मी पण घड्याळजी होणार" म्हणतोय. होऊ दे. प्लंबर झाला तर जास्त बरं.

जाता जाता त्या माणसानं भीती घातली. आमच्या भागात जुन्या गटारांतून सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपमधून जातं. पाऊस जोरात आला की पाइप तुंबतो आणि सगळं उलटं फिरून तळघरात येतं. १६ जुलै २०२४ ला विमानतळावर जवळजवळ ९८ मिलिमीटर पडला आणि डॉन नदीकाठचा मोठा रस्ता पाण्याखाली गेला. आप्पा, हसू नका. तुमच्याकडे एवढा चहा उकळेपर्यंत पडतो हे मला ठाऊक आहे. पण २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा तुम्हीही हसत नव्हता. दोन दिवस तुमचा फोन लागत नव्हता आणि हे रात्रभर जिन्यात बसून होते. ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नाही असं समजा.

तर पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपात एक झडप बसवायची. खर्च साडेतीन हजार डॉलर. त्यातला काही भाग महापालिका देते, पण त्याआधी परमिट! माझ्या घरात, माझ्या जमिनीत, माझ्या पैशानं खड्डा खणायचा तर नकाशा, अर्ज आणि फी. मग इन्स्पेक्टर येऊन खड्डा बघणार, तोवर काँक्रीट ओतायचं नाही. म्हणजे खड्डा उघडा आणि त्याभोवती आम्ही चुलीभोवती बसावं तसे बसणार. शिवाय छपराच्या पन्हळी गटाराला जोडलेल्या चालत नाहीत, पाणी अंगणातच सोडायचं. ते पटलं मला, आपल्याकडे पागोळ्या अंगणातच पडतात.

गंमत पुढे आहे. मोठ्या पावसात झडप बंद झाली की घरातलंही पाणी बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा नळ सोडलात, फ्लश ओढलात, तर आपलंच पाणी आपल्याच जाळीतून वर! म्हणजे बाहेर धो धो कोसळत असताना मी भजी तळायची, पण कढई धुवायची नाही. आणि भज्यांवर चहा झाल्यावर सगळ्यांनी संयम पाळायचा. तुमच्या चिरंजीवांना हे कितपत जमेल, ते आई, तुम्ही जाणताच.

आता पिंट्याभावोजींचं. मागचं न्हाणीघर पाडून वर अटॅच्ड बाथरूम काढतायत म्हणे, इटालियन टाइल्सचं. जरूर काढा, आप्पांचे गुडघे दुखतात, रात्री मागच्या पायऱ्या नकोतच. तुम्ही महिनाभर वन्संकडे राहून आलात की त्या बाथरूममध्येही हाच वास येईल. मिस्त्रीला शिव्या घालण्याआधी दोन तांबे ओता, आणि वरचं बिल मला पाठवू नका. पण न्हाणी पाडू नका हो. तिथलं पाणी कुठे जातं हे शोधायला आपल्याला कधी प्लंबर लागला नाही, ते मागच्या अळवात जातं, म्हणून तर तुमचं फदफदं तसं लागतं. लग्न होऊन आले तेव्हा पहाटे चुलवणाचा धूर आणि भिजवलेल्या शिकेकाईचा वास यायचा, आणि तुम्ही बाहेरून "पाणी फार कढत नाही ना गं?" विचारायचात. इथे नळ फिरवला की हवं तेवढं गरम येतं. कोणी विचारत नाही.

पालखीचा व्हिडिओ पाहिला. चिनू म्हणतो, काका इतका वेळ कसे नाचले? मी म्हटलं, डाव्या अंगाला बघ, अर्धा वेळ तो बंड्या वाहत होता. पालखी दारात आली तेव्हा ओटी कोणी भरली ते व्हिडिओत कुठेच दिसत नाही, सविस्तर कळवा. आणि शेजारच्या काकूंना माझी निळी पैठणी कोणी नेसायला दिली, तेही.

मशीन थांबलं. कपडे काढते.

तुमची,
सुलभा

ता. क. वन्संच्या सुनेनं पोळ्यांना बाई ठेवली यावर मी काही बोलले असं वन्संना सांगू नका. ठेवली ते बरंच केलं. महिना किती देतात, तेवढं मात्र विचारून ठेवा.