अर्थिंगकाका

सोसायटीत कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की अर्थिंगकाकांना बोलावतात आणि पोहे भिजत घालतात. पोहे होईपर्यंत काका यंत्राला शिवत नाहीत. आधी स्वेटर काढायचा, गालिचा गुंडाळायचा, थर्माकोल बाहेर. मग बाथरूममधल्या नळाला हात लावून यायचं. आजीचं सोवळं एवढं कडक नव्हतं. लोखंडी पाइप काढून प्लॅस्टिकचे बसवायचा ठराव आला, तेव्हा विरोधात एकच हात वर झाला, तोही पट्ट्यासकट.

तो पट्टा मनगटावर, त्याचा चिमटा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला. "यात एक मेगओहमचा रेझिस्टर असतो. चुकून २३० व्होल्टची फेज लागली, तरी करंट पाव मिलिअँपच्या आत. म्हणजे रॅम मरत नाही आणि मीही मरत नाही." क्रम काकांचाच.

मुहूर्तही उलटे. चातुर्मासात काका वाटेल ते उघडून देतात, कारण हवा दमट असते आणि चार्ज साठत नाही. थंडी पडली की काका टाळाटाळ करतात. "कडीला हात लावल्यावर चटका बसतो ना, तो ३००० व्होल्टच्या पुढचा. चिपला शंभरही पुरतात, आणि तुला पत्ताही लागत नाही!"

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत एका दुकानदाराने त्यांना जुनी रॅम वर्तमानपत्रात गुंडाळून, वर रबर लावून दिली. काकांनी घरून आणलेली चंदेरी पिशवी काढली. त्याने गुलाबी देऊ केली. "गुलाबी स्वतः चार्ज धरत नाही, एवढंच. बाहेरचा झटका अडवायला चंदेरीच लागते," इथून जे सुरू झालं, त्यात मागची तीन गिऱ्हाइकं निघून गेली.

पंचाईत अशी की काकांचं म्हणणं खरं आहे. झटका खाल्लेली चिप दर वेळी जागच्या जागी मरत नाही. कधी आतून अधू होते आणि पुढे केव्हातरी दगा देते. हे 'केव्हातरी' काकांना फार सोयीचं. इमारतीतलं कुठलंही यंत्र कधीही बंद पडो, पूर्वी कुणीतरी कोरड्या हाताने शिवलेलं असतंच. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या कॉम्प्युटरमधून धूर आला. पॉवर सप्लाय उघडला तर आत पाल, जळून कोळसा झालेली. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा वर केला, बोर्ड कडेने उचलून उजेडात धरला आणि म्हणाले,

"पाल नंतर मेली."