गांधी टोपी चालणार नाही

अकोल्याच्या माणसाला उन्हाबद्दल कोणी शिकवू नये, असं माझं जुनं मत. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकला की आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो, घरी येऊन पन्हं पितो आणि पुण्याच्या लोकांच्या उन्हाळ्याला हसतो.

एवढ्या भांडवलावर मी लेकीकडे मेलबर्नला गेलो. फेब्रुवारी, म्हणजे तिथला उन्हाळा. हवा २२ अंश, वारा गार, अधूनमधून ढग. मी स्वेटर शोधतोय आणि लेक म्हणतेय, "बाबा, टोपी घ्या, क्रीम लावा. आज यूव्ही दहा आहे." तिथे हवामानाच्या बातम्यांत तापमानासोबत अतिनील किरणांचाही आकडा सांगतात. तो ३ झाला की अंग झाकायचं. गरमी वेगळी आणि कातडी जाळणारे किरण वेगळे, ते गार हवेतही येतात, पातळ ढगांतूनही येतात, हे जावयाने चहा पिताना समजावलं. जावयाचं बोलणं मी नेहमी आदराने ऐकतो आणि कधीच मनावर घेत नाही.

"हा गोऱ्यांचा आजार," मी निकाल दिला. निकाल बराचसा बरोबर होता, हीच तर अडचण. ऑस्ट्रेलियात सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर निघतो, आणि धोका सर्वांत जास्त गोऱ्या कातडीला. आमच्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य भरपूर, ते ऊन बरंच अडवतं. ज्या रंगापायी लग्नाच्या बाजारात माझ्याकडे बघून नाकं मुरडली गेली, तो रंग अंगावर चढवायला तिथली माणसं पैसे मोजून सोलॅरियमच्या दिव्यांखाली झोपत होती. असली दुकानं व्हिक्टोरिया राज्याने २०१५पासून बंदच करून टाकली. हे कळल्यावर माझी छाती दोन बोटं फुगली.

ह्या सगळ्यामागे आहे कॅन्सर काउन्सिल व्हिक्टोरिया ही धर्मादाय संस्था. १९८१ साली तिने 'स्लिप! स्लॉप! स्लॅप!' नावाची मोहीम काढली. टीव्हीवर सिड नावाचा सीगल नाचत-गात सांगायचा, की सदरा चढवा, क्रीम चोपडा, टोपी घाला. २००७मध्ये त्यात सावली आणि गॉगलची भर पडली. १९८८पासून ह्या कामाचं 'सनस्मार्ट' नावाने मोठं खातंच झालं आणि त्याला पैसा मिळाला तंबाखूवरच्या करातून. मी आयुष्यभर खर्रा खाल्ला, पण त्यातून कोणाच्या डोक्यावर टोपी आल्याचं ऐकिवात नाही.

संस्थेची खरी हुशारी शाळांत दिसते. टोपी नसेल तर खेळायचं नाही, सावलीत बसायचं, असा नियम तिने शाळाशाळांत रुजवला. मोठ्यांना उपदेश करून उपयोग नसतो. पोरांना नियम दिला की ती तो पोलिसांपेक्षा कडक राबवतात.

नातवाच्या शाळेत खेळांचा दिवस होता. मैदानाच्या कडेला क्रीमच्या टेबलाशी उभं राहून पोरांच्या हातावर क्रीम द्यायला आजी-आजोबा हवे होते. मी लगेच हात वर केला. टोपी लागेल म्हणाले, म्हणून मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी नेलेली कडक इस्त्रीची गांधी टोपी चढवली. नातवाने दारातच विचारलं, "आबा, तू हीच घालणार?" मी म्हटलं, "हिने इंग्रजांना घालवलं, बाळा."

शाळेत मला एका सात-आठ वर्षांच्या मुलीने अडवलं. तिच्या टोपीला मानेवर रुळणारं फडकं होतं. तिने माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घातली, कान बघितले, मान बघितली आणि ही टोपी चालणार नाही असं सांगितलं. कड नाही, कान उघडे, मान उघडी. तिथे साधी क्रिकेटची कॅपसुद्धा बाद धरतात, माझ्या टोपीला तर पुढचं झापडंही नव्हतं. मी आशेने बाईंकडे पाहिलं. बाई गोड हसल्या आणि नियम मोठ्यांनाही सारखाच असल्याचं म्हणाल्या. माझी रवानगी झाडाखालच्या बाकावर झाली. तिथे टोपी हरवलेला एक मुलगा आधीच शिक्षा भोगत होता. "ही कागदाची होडी आहे का?" त्याने विचारलं. नातू तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, हा कोणाचा आजोबा ते ठाऊक नसल्यासारखा उभा होता.

शेवटी हरवलेल्या सामानाच्या खोक्यातून माझ्यासाठी टोपी निघाली. रुंद काठाची, गुलाबी, वर शिंगवाला घोडा. ती घालून मी टेबलाशी रुजू झालो आणि हळदीकुंकवाला अत्तर लावतात तसं एकेका पोराच्या मनगटावर क्रीम टेकवू लागलो. बाईंनी हाताला धरून थांबवलं. एका हाताला एक चमचा, एका पायाला एक, तोंड-मान-कान मिळून एक, शिवाय छाती आणि पाठ. मोठ्या माणसाला एका वेळी ३५ मिलिलिटर. उन्हात जायच्या वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. मी मनात रुपयांत हिशेब केला आणि खुर्ची ओढून बसलो.

मग पोरांपुढे आदर्श म्हणून स्वतःला चोपडलं. गोऱ्या कातडीत ते मुरतं, माझ्यावर पांढरंफेक बसलं. लेकीने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. अकोल्याहून धाकट्या भावाचं उत्तर आलं, "दादा, कोणत्या आखाड्यात? सिंहस्थाला येतोस का?"

एवढ्यावर गप्प बसायचं, तर मी टेबलाशेजारच्या निवृत्त नर्सबाईंना मेलॅनिनवर व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, गायक बॉब मार्लीला मेलानोमा हा त्वचेचा कॅन्सर पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, १९८१मध्ये तो गेला तेव्हा अवघा ३६ वर्षांचा होता. काळ्या-सावळ्या माणसांना हा कॅन्सर कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळवे, तळहात आणि नखांखाली. तिथे ऊन पोचत नाही आणि लक्षही जात नाही, म्हणून कळायला उशीर होतो.

त्या रात्री मी पलंगावर बसून तळवे तपासले. साठीनंतर स्वतःचा तळवा बघायला योगासनं येत असावी लागतात. आरसा, बॅटरी आणि हिचा चष्मा घेऊन अखेर पाहिलं, तर डाव्या टाचेवर काळा डाग! हिला उठवलं. विम्याचे कागद कुठे आहेत ते सांगितलं. "ते मलाच माहीत आहेत, झोपा," असं म्हणून ती कुशीवर वळली.

डॉक्टरांनी डाग भिंगाच्या दिव्याखाली बराच वेळ पाहिला. त्यांचं गंभीर तोंड बघून मी मनात नातवाला गांधी टोपी देऊन टाकली. मग त्यांनी ब्लेडने डाग हलकेच खरवडला आणि तो निघून आला! हे काय होतं, त्यांनी विचारलं. मला आत्ता आठवलं. निघायच्या आधी शेतात काटा रुतला होता आणि गड्याने त्यावर बिब्बा लावला होता. धोबी कपड्यांवर खुणा करायला वापरायचे तोच बिब्बा. हे इंग्रजीत सांगताना मी निम्मं हातवाऱ्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी माझ्या कागदावर काहीतरी बरंच लांबलचक लिहिलं.

घरी जावयाने आणखी एक निरोप दिला. उन्हाशी संबंध नसलेला त्वचेचा कॅन्सर आपल्याकडेच नोंदलेला आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ साली लिहिलेल्या निबंधात 'धोतर कॅन्सर' आहे. धोतर वर्षानुवर्षं त्याच जागी करकचून बांधलं की कमरेची कातडी घासून घासून तिथे तो उद्भवतो. जावयाचं हे बोलणं मात्र मी मनावर घेतलं आणि आरसा, बॅटरी आणि चष्मा घेऊन पुन्हा न्हाणीघरात गेलो.

धोतर आता फारसं कोणी नेसत नाही, पण परकराच्या नाडीनेही हेच झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदली आहेत. तेव्हा घरातल्या बायकांना सांगा, नाडी रुंद पट्टीची घ्या, सैल बांधा, बांधायची जागा बदलत राहा. कमरेवर भरून न येणारी जखम असेल तर हळद दाबत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तळव्यावर किंवा नखाखाली नवा काळा डाग आला, पसरू लागला, तर तोही दाखवा. फक्त बिब्बा लावला असेल तर आधी सांगा.