पार्ट नंबर खात्याच्या साहेबांस अनावृत पत्र

मा. साहेब,


आपला-माझा परिचय नाही. गाड्यांच्या कंपनीत आपण कुठल्या मजल्यावर बसता तेही मला ठाऊक नाही. पण दाराच्या क्लिपला, मडगार्डच्या स्क्रूला, अगदी बॉनेटखालच्या स्टिकरलासुद्धा ज्यांनी लांबलचक नंबर दिला आणि वायरिंगच्या कपलरपाशी, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगपाशी येऊन ज्यांनी पेन खाली ठेवले, ते आपणच, एवढे पक्के. गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करून मी पोट भरतो, त्यामुळे आपल्या त्या खाली ठेवलेल्या पेनाशी माझा रोजचा संबंध आहे. आपले आभार मानायचे बरेच दिवस राहून गेले होते.

पावसाळा लागला की उंदीर बॉनेटखाली मुक्कामाला येतो. तो ऑक्सिजन सेन्सरच्या कपलरचा एक कान आणि मागची दोन बोटे वायर कुरतडतो आणि पुढच्या गाडीकडे जातो. झालेले नुकसान मूठभर रुपयांचे. आपले पार्ट नंबरांचे पुस्तक उघडावे तर तिथे कपलर नाहीच. आहे तो ‘वायरिंग हार्नेस, इंजिन, १ नग’, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा. त्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक आधी माझ्याकडे संशयाने बघते, उंदराकडे नंतर. कुडीची फिरकी हरवली म्हणून सोनाराने नवी कुडीच गळ्यात मारावी, तशातली ही गत. सोनाराला निदान पेठेत तोंड दाखवायचे असते.

मग मी पुण्यातल्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात जातो. 

“शेठ, चार पिनचा कपलर द्या. फिमेल, पाण्याचा.” 
“पार्ट नंबर?” 
“नंबर नाही.” 
“मग पूर्ण सेट घ्या की मिस्त्री.” 
“सेट नको, कपलर हवाय.” 

शेठ भले गृहस्थ आहेत. ते एक खोका काउंटरवर पालथा करतात आणि ‘यात बघा’ म्हणून चहाला जातात. खोक्यात चार पिनांचे कपलर ढिगाने असतात आणि बसत एकही नाही. कुणाची खाच डावीकडे, कुणाची मधोमध, कुणाला दोन. चुकीचा प्लग चुकीच्या जागी जाऊ नये म्हणून कारखान्याने मुद्दाम केलेली ही सोय, आणि ती उत्तमच आहे. जुळवणीच्या रांगेवरच्या मुलाला चूक करता येत नाही. मला बरोबरही करता येत नाही.

आता आपण म्हणाल, कपलरवर काहीतरी छापलेले असतेच की. असते ना! भिंग लावून वाचले तर बहुधा ‘पीबीटी-जीएफ’ असे निघते. गॅरेजातला नवा पोरगा तो नंबर समजून दिवसभर दुकाने पालथी घालतो. ते प्लास्टिकचे नाव आहे: काचेचे तंतू मिसळलेले. शेजारचा आकडा साच्यातल्या खणाचा. म्हणजे कपलर कशाचा बनला आणि साच्याच्या कुठल्या खणातून पडला, हे आपण जगाला सांगता. फक्त तो कोण आहे तेवढे सांगत नाही. शेवटी व्हर्नियर काढून मी समोरच्या पिनेची रुंदी मोजतो. २.३ मिलिमीटर भरली तर ०९० ची, २.८ भरली तर ११०, ६.३ म्हणजे २५०. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांचे. मिलिमीटरच्या देशात आम्ही ते तोंडपाठ करून बसलो आहोत.

समजा, कपलर मिळाला. आता आत घालायच्या पिना. त्या पट्टीला जोडून रिळात येतात आणि रिळात हजारो असतात. मला हव्यात चार. आणि समजा, त्याही कुणी मोजून दिल्या, तर त्या दाबायची पक्कड कुठून आणू?

ही पक्कड म्हणजे काय चीज आहे, हे आपल्या खात्यात कुणी पाहिले असेल असे वाटत नाही, म्हणून सांगतो. पिनेच्या मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्यावर बसते, मागची वायरच्या कातडीवर. पुढचे पंख वळून तारांमध्ये उतरतात आणि तारा इतक्या गच्च होतात की मध्ये हवेला जागा राहत नाही. मोठ्या कारखान्यात या दाबाची उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. साध्या पक्कडीने चेपली तरी पिन बसल्यासारखीच दिसते, गाडीही सुरू होते. पण तारांमध्ये हवा राहते, हवेबरोबर ओल शिरते, तांबे काळे पडते, रोध वाढतो आणि काही महिन्यांनी तीच गाडी ‘चेक इंजिन’चा दिवा लावून परत माझ्या दारात. सोल्डरवाले मित्र म्हणतात, डाग दे आणि मोकळा हो. सोल्डर तारांतून वर चढते, जिथे थांबते तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. रेडिओत चालते ते. इंजिनावर मी करत नाही.

पाण्याच्या, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या, कपलरची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे मागचे पंख कातडीला नाही, सिलिकॉनच्या सीलला धरतात. त्याला गोल ठसा लागतो, नाहीतर सील फाटते. थोडक्यात, जशी पिन तशी पक्कड. बनवणाऱ्यांच्या अधिकृत पक्कडीची किंमत हजारोंत जाते आणि ती एकाच घराण्याच्या पिनांना चालते. मी एक रॅचेटची पक्कड घेतली आहे, एसएन-४८बी ठशाची. २.८ पासून ६.३ पर्यंतच्या साध्या पिना ती चांगल्या दाबते, आणि दाब पूर्ण झाल्याशिवाय सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. सीलवाल्या पिनांपुढे ती हात टेकते. पिन कपलरमधून काढायला मात्र काही विकत घ्यावे लागले नाही. आधी रंगीत लॉक उचकटायचे आणि समोरून बारीक पाते घालून पिनेची जीभ दाबायची. पाते म्हणून छत्रीची काडी घासून ठेवली आहे.

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस सिक्स निकष आले आणि साध्या मोटरसायकलीतही सेन्सर वाढले, म्हणजे कपलर वाढले. आपले पेन जागचे हलले नाही.

तसे कंपन्यांना कुणी जाब विचारलाच नाही असे नाही. स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. गुन्हा काय, तर सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळू दिली नाहीत. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ च्या डिसेंबरात ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, त्यात वाहनेही घेतली. हे सगळे भांडण भाग देत नाहीत म्हणून. आपली थोरवी अशी की आपण कधी नकारच देत नाही. जे यादीत नाही ते नाकारणार कसे?

हे जमत नाही असे मात्र म्हणू नका. ट्रक आणि खोदाईच्या यंत्रांवर येणारे डॉइश डीटी कपलर घ्या: १६ साइझची पिन, १३ अँपिअर, आणि कपलर, पिन, पाचर, पक्कड या सगळ्यांचे नंबर कॅटलॉगात उघडे छापलेले. तिथे मी दोन्ही बाजू कापून नवा जोडा बसवतो आणि निवांत झोपतो. (कपलरची समोरची बाजू सेन्सरच्या अंगातच ओतलेली असली की ही युक्ती संपते, ती कापणार कशी?) अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्स वायरीसकट कपलर वेगळ्या नंबराने विकतात. फोर्डच्या मोटरक्राफ्टचे नंबर ‘डब्ल्यूपीटी’ने सुरू होतात, जनरल मोटर्सच्या एसीडेल्कोचे ‘पीटी’ने.

आम्हाला मात्र जुना बाजार. अपघातात गेलेल्या गाड्यांचे हार्नेस तिथे भाजीच्या जुड्यांसारखे पडलेले असतात. भंगारवाला पार्ट नंबर विचारत नाही. तो विचारतो, “मागे वायर किती ठेवू?” वीतभर ठेव म्हणायचे, म्हणजे सांधे एकाखाली एक न येता पुढेमागे घेता येतात.

तेव्हा विनंती एवढीच. पुस्तकात हार्नेसच्या चित्राशेजारी एक तक्ता छापा: कपलर कुणाचा, त्याचा नंबर, पिनेचा नंबर, सीलचा नंबर, वायरची जाडी. हे सगळे आपल्या ड्रॉइंगवर आहेच, नाहीतर हार्नेस बांधणाऱ्याने तो बांधला कशावरून? विकू नका हवे तर, नुसते छापा. पुढचे नाना पेठ बघून घेईल.

कळावे,
आपला,
एक वायरमन, पुणे

ता. क. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी अजून गॅरेजात उभी आहे आणि गिऱ्हाईक शनिवारी येणार आहे. तक्ता सावकाश छापा, पण त्या एका कपलरचा नंबर शुक्रवारपर्यंत कळवलात तर बरे होईल.